धुऱ्यावरची बुरशी घेऊन शहरातल्या इनक्युबेशन सेंटरला जाऊ का?

धुऱ्याकाठची

नमस्कार. बरेच दिवस इथं नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहिते आहे. लांब होईल, पण मधलं गाळलं तर सल्ला चुकीचा मिळेल म्हणून सगळं सांगते.

आमचं गाव केळापूर तालुक्यात, पांढरकवड्यापासून आत १४ किलोमीटर. वावर ७ एकर, काळं भारी रान. पराटी म्हणजे कापूस, तूर, आणि सोयाबीन निघालं की त्या जागी रब्बीला हरभरा. मी अमरावतीला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं, मग दोन वर्षं नागपूरला एका डेअरीच्या तपासणी प्रयोगशाळेत होते. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी घरी आले. सहा महिन्यांसाठी आले होते. आता चौथं वर्ष सुरू आहे.

आले त्या पहिल्याच हिवाळ्यात हरभऱ्यावर मर आली, म्हणजे मातीतल्या बुरशीनं झाड वाळवणारा रोग. ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. झाड हिरवंच्या हिरवं मान टाकतं, उपटलं तर मूळ वरून चांगलं दिसतं, खोड उभं चिरलं की आत काळपट रेघ. बाबा तेव्हा खाटेवरून उठत नव्हते. आई वावरातून येऊन त्यांना सांगायची, आज एवढी गेली, आज तेवढी गेली. एक दिवस ती म्हणाली, धुऱ्याजवळच्या (बांधाजवळच्या) चार तासांत, म्हणजे चार ओळींत, मात्र झाडं उभी आहेत. मी जाऊन पाहिलं. खरंच उभी होती. त्या धुऱ्यावर दोन जुने पळस आहेत आणि त्यांचा पालापाचोळा वर्षानुवर्षं तिथंच कुजतो.

तिथली माती चार ठिकाणांहून आणली. बुरशी वाढवायचं बटाट्याचं माध्यम घरीच उकळून प्लेटा केल्या. तिसऱ्या नमुन्यातून जी हिरवी बुरशी आली ती मी अजून वाढवते आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी, आहे हे नक्की, जात कोणती ते माहीत नाही. माझ्या वहीत तिचं नाव "धुरा-३".

आता खरी गोष्ट. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात आमच्या खोलीत दुपारी थर्मामीटर ४४ दाखवत होता आणि लाइट रोज पाच-सहा तास जायची. माझ्या ट्रेमध्ये दोन प्रकारचे स्लँट (तिरप्या माध्यमावर बुरशी वाढवलेल्या काचनळ्या) होते, धुरा-३चे पाच आणि बाजारातून आणलेल्या पाकिटातल्या ट्रायकोडर्माचे पाच. अकरा दिवसांनी सगळे नव्या प्लेटांवर घेतले. पाकिटातली पाचपैकी एका प्लेटवर उगवली, धुरा-३ पाचही प्लेटांवर. मला वाटलं काहीतरी चुकलं. पुढच्या मे महिन्यात पुन्हा केलं, पुन्हा जवळपास तसंच.

उत्पादन म्हणाल तर गोठ्याशेजारची खोली. ज्वारी भिजवून पिशव्यांत भरते, २२ लिटरच्या कुकरात निर्जंतुक करते, वाढ झाली की सावलीत सुकवून शंखजिऱ्याच्या पुडीत मिसळते. गेल्या रब्बीला २३ जणांनी नेली, ६१ एकरांवर. एकरी ६० रुपये घेतले, ज्वारी, पूड आणि पिशवीचा खर्च निघण्यापुरते.

नव्या उद्योगांना उभं राहायला मदत करणाऱ्या एका मोठ्या शहरातल्या इनक्युबेशन सेंटरला मी अर्ज केला होता. निवड झाली. चार महिन्यांचा ॲक्सेलरेटर, तिथंच राहावं लागेल. आधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायची आणि त्यांना तिचे ६ टक्के शेअर द्यायचे. एक फॉर्म आहे, त्यात बुरशी नेमकी कुठून काढली, कशी वाढवते, मिश्रण कसं करते, हे सगळं सविस्तर लिहायचं आहे. फोनवर ज्या मॅडम बोलल्या त्या फार आपुलकीनं बोलल्या. तरी त्या फॉर्मपाशी माझा हात थांबला.

घरी आई एकटी पडेल. धाकटा भाऊ वणीला आयटीआयला आहे, तो आठवड्यातून एकदा येतो. बाबांना रोज व्यायाम द्यावा लागतो आणि तो मीच देते. आणि पेरणीच्या आधीचे ऑगस्ट, सप्टेंबर हेच बुरशी तयार करायचे महिने, नेमके त्यातच हे चार महिने पडतात.

जाऊ का? ६ टक्के हे जास्त आहे की रीत आहे? फॉर्म भरू का? आणि इथंच, विदर्भात राहून हे पुढं नेण्याची काही वाट आहे का? ज्यांनी स्वतः केलं आहे त्यांनी सांगितलं तर फार उपकार होतील.

वावरातला आबा

पोरी, मी बोलून रायलो आणि नातू टाइप करून रायला.

मी दोन साल आधी कृषी केंद्रातून असंच बुरशीचं पाकीट आणलं होतं. दुकानात टिनाच्या शेडखाली, उन्हात ठेवलेलं. हरभऱ्याले लावलं, काहीच फरक नाई पडला. मले वाटलं का हे जैविक म्हणजे सारं खोटं. मंग अकोल्याच्या एका साहेबानं शिवार फेरीत सांगतलं का ते जितं असते, उन्हानं मरते. तवा समजलं का म्या मेलेलं पाकीट पेरलं होतं. तुही बुरशी उन्हात जगते हे खरं असन तर ते आमच्या लय कामाचं हाय. आमच्या गावात कोणाच्या घरी फ्रीजमधी जागा असते बियाण्याच्या पाकिटाले?

माहं दोन एकर घे. पण अर्धं तसंच सोडजो, काही लावू नको त्याले. नाईतर मले कसं समजन का तुह्या बुरशीनं झालं का पाण्यानं झालं. आणि लोकायले सांगून ठेवजो, ज्या बियाले बुरशीनाशक औषध चोळलं त्याच्यावरच लगेच हे नको चोळू. आमच्या इकळे दोन्ही एकाच घमेल्यात करतात.

संत्रावाला, वरूड

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी यातून गेलो आहे, दोनदा, एकदा वाईट आणि एकदा चांगला. म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे संत्र्याला डिंक्या येतो. फायटोप्थोरा नावाचा बुरशीसारखा रोगजंतू मुळाशी लागतो, सालीतून डिंक गळतो, दोन-तीन वर्षांत झाड जातं. त्यावर मी आणि माझ्या मावसभावानं एका जिवाणूवर काम सुरू केलं. पहिल्यांदा ज्या कार्यक्रमात गेलो तो तुमच्यासारखाच चार महिन्यांचा होता. तिथं आम्हाला बोलायला शिकवलं, स्लाइड करायला शिकवल्या, बाजार किती मोठा आहे ते आकडे मांडायला शिकवलं. प्रयोगशाळा नव्हती. चार महिने आमचे जिवाणू कुठं होते माहीत आहे? वरूडला, आईच्या फ्रीजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागं. परत आलो तेव्हा अर्धे स्लँट दूषित झाले होते.

इनक्युबेटर आणि ॲक्सेलरेटर हे दोन शब्द लोक एकाच अर्थानं वापरतात, आणि तिथंच आपल्यासारखे फसतात. इनक्युबेटर म्हणजे वर्ष-दोन वर्षं बसायला जागा, प्रयोगशाळेत काम करायला बाक, उपकरणं, चुकलं तर दाखवायला जवळ माणूस. ॲक्सेलरेटर म्हणजे थोड्या महिन्यांत गुंतवणूकदारासमोर उभं राहण्याची तयारी. मोबाइल ॲपवाल्याला चार महिने पुरतात. हरभरा वर्षातून एकदाच येतो, संत्र्याचं झाड तर आणखी सावकाश. तुमचं काम आज ज्या टप्प्यावर आहे त्याला गुंतवणूकदार नको आहे, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र) हवा आहे. २२ लिटरच्या कुकरात ज्वारीची पिशवी मधोमध १२१ अंशांपर्यंत पोहोचते का, हे तुम्ही कधी तपासलं? मी तपासलं नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी आमची पूड प्लेटवर टाकली आणि आमच्या जिवाणूसोबत दुसरा एक पाहुणा दाखवला. तो दोन वर्षांपासून आमच्या प्रत्येक पाकिटात होता. त्या एका आठवड्यानं माझे सगळे पैसे वसूल झाले.

तर विचारायचं हे: बाक मिळेल का, किती महिने, उपकरण वापराचे दर काय, आणि मी हंगामात गावी जाऊन पुन्हा येऊ शकते का. या चारांतल्या बाकाच्या प्रश्नाला सरळ हो आलं नाही तर ६ टक्केच काय, १ टक्काही देऊ नका. मी ३ दिले, पण त्यात १४ महिने प्रयोगशाळा मोफत होती.

आता कुठं. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात व्हेंचर सेंटर हा इनक्युबेटर आहे, २००७ पासून, आणि विज्ञानावरच्या कामासाठी मराठी माणसाला बोलायला सोपं पडेल असं दुसरं ठिकाण मला माहीत नाही. पण तुम्ही पांढरकवड्याच्या आहात. नकाशा काढून बघा. ४४ नंबरच्या हायवेवर उभं राहिलं की आदिलाबादवरून सरळ हैदराबाद, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पुणे त्याच्या जवळपास दुप्पट. हैदराबादला जीनोम व्हॅलीत आयकेपी नॉलेज पार्क हा इनक्युबेटर आहे, राजेंद्रनगरला नार्म या कृषी संशोधन व्यवस्थापन संस्थेचा शेतीसाठीचा ए-आयडिया इनक्युबेटर आहे, आणि तुमच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाटनचेरूचं इक्रिसॅट, कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था. हरभरा हे त्यांच्या मुख्य पिकांपैकी एक. त्यांच्याकडे मर रोगाची बुरशी मुद्दाम मातीत भरून ठेवलेला प्लॉट आहे, मरग्रस्त प्लॉट म्हणतात त्याला. तिथं धुरा-३ लावलेलं आणि न लावलेलं बी शेजारी शेजारी पेरलं आणि फरक दिसला तर पुढं कोणापुढंही तुम्हाला आवाज चढवून सांगावं लागणार नाही.

पैशाचं. बायरॅक ही केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २०१२ मध्ये काढलेली कंपनी. त्यांचं बिग नावाचं अनुदान आहे, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत, आणि त्यात शेअर मागत नाहीत. ते कल्पना सिद्ध करण्यासाठीच असतं, म्हणजे नेमकं तुमचं आजचं काम. एकट्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो, पण तिला एखाद्या इनक्युबेटरशी जोडलेलं असावं लागतं. कंपनी असेल तर ती ५ वर्षांच्या आतली हवी. एकल मालकीच्या फर्मला चालत नाही, हे मला अर्ज लिहून झाल्यावर कळलं. पैसे एकदम येत नाहीत, टप्पा पूर्ण झाला की पुढचा हप्ता. शेतीसाठीचं दुसरं म्हणजे आरकेव्हीवाय-रफ्तार, राष्ट्रीय कृषी विकास योजनेतलं, २०१८-१९ पासून. त्यात कल्पनेच्या टप्प्याला ५ लाखांपर्यंत आणि पुढच्या टप्प्याला २५ लाखांपर्यंत मिळतं, तेही नेमलेल्या इनक्युबेटरमार्फतच.

एक प्रश्न माझाही. तुमच्या २३ जणांनी हरभऱ्याचा कोणता वाण पेरला होता? जाकी ९२१८ असेल तर तो मरीला तसाही तग धरतो. परीक्षक पहिला हाच प्रश्न विचारतील.

निवृत्त, परवाना विभाग

ताई, कडू सांगतो, राग मानू नका. ते एकरी ६० रुपये घेणं आजपासून बंद करा.

पिकावरच्या रोगासाठी म्हणून ट्रायकोडर्मा विकायचा तर तो १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात येतो. फरीदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळाकडे नोंदणी, मग राज्याचा उत्पादन परवाना. नोंदणी नसताना विकणं हा गुन्हा आहे, नफा घेतला की नाही हे कोणी विचारत नाही. मी नोकरीत असताना अशी पाकिटं जप्त केली आहेत आणि त्यातले काही जण तुमच्याइतकेच प्रामाणिक होते. मला ते आजही बरं वाटत नाही. चाचणी म्हणून द्या, फुकट द्या, शेतकऱ्याची सही घ्या, गट नंबर, वाण, पेरणीची तारीख लिहून घ्या. तीच वही उद्या तुमची पुंजी होईल.

लोक तुम्हाला सांगतील की पाकिटावर रोगाचं नाव लिहू नका, "जैविक वाढवर्धक" लिहा, चालून जातं. नका करू. २०२१ पासून जैव उत्तेजकंही, म्हणजे असली वाढवर्धकंही, खत नियंत्रण आदेशात आली आहेत, तीही आता मोकळी नाहीत. रायझोबियम, पीएसबी यांसारखी जिवाणू खतं २००६ पासून त्याच आदेशात आहेत आणि त्यांची वाट तुलनेनं सोपी आहे. पण तुमची बुरशी रोगावर काम करते, तर ती रोगावरची म्हणूनच पुढं न्या.

कीटकनाशक कायद्यात कलम ९(३ब) आहे. त्याखाली दोन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते, जैविक उत्पादनांना त्याचा मोठा आधार. त्यासाठी बुरशीची ओळख, ग्रॅममागे जिवंत बीजाणू किती, साठवणीत किती टिकतात, वेगवेगळ्या ठिकाणच्या शेतातल्या चाचण्या आणि विषारीपणाच्या तपासण्या लागतात. या शेवटच्या तपासण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच कराव्या लागतात आणि त्यांचा खर्च लाखांत जातो. वरूडच्या दादांनी इनक्युबेटर आणि अनुदानाचं सांगितलं त्याचा खरा उपयोग इथं आहे. अर्जात नोंदणीचा खर्च वेगळा दाखवा.

साठवणीबद्दल एक. तुमचा मे महिन्यातला प्रयोग स्लँटवरचा आहे. शेतकऱ्याच्या घरात स्लँट जात नाही, पूड जाते. पुडीची पाकिटं टिनाखाली ठेवा, दर महिन्याला एक फोडून मोजा, सहा महिने. ओलावाही लिहा.

आता त्या फॉर्मचं. निसर्गात सापडलेली बुरशी जशीच्या तशी पेटंट होत नाही, पेटंट कायद्याचं कलम ३(क). पण तिचं खास मिश्रण, ती वाढवण्याची नवी पद्धत, याचं होऊ शकतं, आणि ते अर्ज करण्याआधी कुठं जाहीर केलं की नवेपणा गेला. म्हणून आधी तात्पुरता अर्ज. व्यक्तीला ऑनलाइन १,६०० रुपये सरकारी फी, आणि पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. त्या सेंटरला गोपनीयतेचा करार मागा. चांगलं सेंटर स्वतःहून देतं.

आणि जमा करा तिला! तुमच्या खोलीला एकदा आग लागली किंवा तुमच्या आईनं चुकून तो ट्रे धुतला तर धुरा-३ जगातून गेली. पुण्याच्या आघारकर संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे, तिथं ओळखही पटवून मिळते. पेटंटसाठी जमा करायची तर बुडापेस्ट कराराखालची मान्य केंद्रं लागतात, चंदीगडचं एमटीसीसी किंवा पुण्याचं एमसीसी. पेटंट मंजूर होण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशीही काम पडेल. राज्याचं जैवविविधता मंडळ मात्र नागपुरातच आहे, व्यापारी वापराचं त्यांना विचारून घ्या.

धुऱ्याकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ट्रे धुण्याचं आलं तिथं ती म्हणाली, त्या काकांना सांग, मी त्या खोलीत झाडूसुद्धा तुला विचारून मारते.

६० रुपयांचं मला खरंच माहीत नव्हतं. आज सकाळी गावातल्या नऊ जणांकडे जाऊन सांगितलं, येत्या रब्बीला पैसे नाहीत, पण सही द्यावी लागेल आणि अर्धा एकर कोरा सोडावा लागेल. सात जण हो म्हणाले. बाकीच्यांकडे परवा जाईन.

संत्रावाले दादा, वाणाचं तुम्ही बरोबर पकडलं. २३ पैकी ९ जणांचं जाकी होतं, ६ जणांचं घरचं बी होतं, त्यांना नाव सांगता आलं नाही, बाकीच्यांचं मी लिहूनच घेतलं नाही. बिनप्रक्रियेचा पट्टा फक्त आमच्या वावरात होता, आणि आमचं बी घरचंच. तिथं ४० तासांपैकी एक आड एक अशी २० तासं प्रक्रियेची आणि २० कोरी होती. मी दर रविवारी मेलेली झाडं मोजली. म्हणजे माझ्या हातात आज खरं सांगण्यासारखं एका वावराचं एका वर्षाचं आहे. ६१ एकर, ६१ एकर असं मी सगळीकडे लिहीत होते. ते खोडून टाकते.

कुकराचंही तपासते. तापमानाची पट्टी मिळते ना, रंग बदलणारी, ती मागवली आहे.

आबाजी, तुमचे दोन एकर मी घेते. नातवाला म्हणावं गावाचं नाव मेसेजमध्ये कळव.

सेवाग्राम रोड

बाकीच्यांनी कायद्याचं, पैशाचं सांगितलं. मी जाण्या-न जाण्याचं बोलते, कारण माझंही असंच झालं होतं. माझा विषय वेगळा, मोहाच्या फुलांपासून सरबत आणि जॅम. सासूबाई आजारी, मूल लहान, आणि सल्ला देणारे सगळे शहरात.

मी काय केलं ते सांगते. मुक्काम हलवला नाही, काम दोन ठिकाणी वाटलं. जे फक्त प्रयोगशाळेतच होतं ते पंधरा-पंधरा दिवसांच्या खेपांत केलं, वर्षातून चार खेपा. उरलेलं घरी. पहिल्या सेंटरनं नाही म्हटलं, दुसऱ्यानं म्हटलं तुमची हजेरी नको, तुमच्या नोंदी हव्या. तुम्ही विचारून तर बघा. ऑगस्ट आणि सप्टेंबर गावात, पेरणी झाली की नोव्हेंबरात पहिली खेप. बाबांचा व्यायाम त्या पंधरा दिवसांपुरता भावाला शिकवून ठेवता येईल, व्हिडिओ करून द्या. माझ्या सासूबाईंचा मी दिला होता.

आणि पहिली पायरी घराजवळ चढा. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा वनस्पती रोगशास्त्र विभाग स्वतः ट्रायकोडर्मा तयार करतो, आणि कडधान्य संशोधन विभागही त्याच आवारात आहे. तुमची बुरशी आणि त्यांची बुरशी एका प्लेटवर समोरासमोर मर रोगाच्या बुरशीविरुद्ध लावून द्या म्हणा. वर्ध्याला मगनवाडीत एमगिरी आहे, महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था. त्यांच्याकडे जैवप्रक्रिया आणि वनौषधींचा वेगळा विभाग आहे. सुकवणं, दळणं, पॅकिंग, ओलावा, असल्या गोष्टी तिथं हात धरून दाखवणारी माणसं मला भेटली. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचं काम गांधीजींचे सहकारी कुमारप्पा यांनी याच मगनवाडीतून चालवलं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथल्या झाडाखाली बसून डबा खाल्ला आणि मला वाटलं, गावातल्या माणसानं गावातच राहून काही बनवावं हा विचार माझ्या आधी इथं कुणीतरी पूर्ण गांभीर्यानं केलेला आहे. तेवढ्यानंही त्या दिवशी पुष्कळ बळ आलं.

कंपनीची घाई करू नका. अनुदान मंजूर व्हायची वेळ आली की काढा. एकदा काढली की दरवर्षी सीएची फी, वार्षिक विवरणं, विक्री शून्य असली तरी. माझे पहिल्या वर्षीचे पैसे त्यातच गेले.

धुऱ्याकाठची

ताई, खेपांचं मला सुचलंच नव्हतं. त्या मॅडमना आज फोन केला. चार महिने सलग राहणं सुटणार नाही म्हणाल्या, आणि बाक त्यांच्याकडे नाही, तो शेजारच्या एका कॉलेजात "मिळू शकतो". गोपनीयतेच्या कराराचं विचारलं तर वरच्यांना विचारून सांगते म्हणाल्या. मी त्यांना नम्रपणे नाही कळवलं. फोन ठेवल्यावर थोडं रडू आलं, कारण निवड झाली तेव्हा बाबा पहिल्यांदा दोन्ही हात उचलून हसले होते. मग त्यांना समजावून सांगितलं. त्यांना बोलायला त्रास होतो, पण "इक्रिसॅट" हा शब्द त्यांना माहीत होता. त्यांनी आदिलाबादच्या दिशेला हात केला.

हैदराबादच्या दोन ठिकाणी आणि पुण्याला ईमेल लिहून ठेवले आहेत, तात्पुरत्या पेटंट अर्जाचा नंबर आला की पाठवते. सोमवारी अकोल्याला जाते आहे. यवतमाळ, दारव्हा, कारंजा करत एसटीनं दिवस जाईल आणि बाहेर ४२ आहे. स्लँट बर्फात न्यावे का?

संत्रावाला, वरूड

थेट बर्फ नको, आत पाणी सुटतं आणि कापसाचं बूच भिजलं की दूषित होतं. बुचावर पॅराफिल्म गुंडाळा, नसेल तर स्वच्छ प्लास्टिक आणि रबर. प्रत्येक स्लँट वर्तमानपत्रात, उभा, थर्माकोलच्या डब्यात. जेलची थंड पिशवी ठेवली तर मध्ये टॉवेलची घडी घाला. डबा मांडीवर घ्या, डिकीत किंवा टपावर देऊ नका. आणि सगळे नेऊ नका. तीन न्या, तीन घरी, तीन भावाकडे वणीला.

वावरातला आबा

सोमवारी अकोल्यावरून येताना उशीर झाला तर यवतमाळले उतरजो. नातू गाडी घेऊन येते स्टँडवर. गावाचं नाव त्यानं पाठवलं हाय.